चिंचेने घासलेली नाणी
भिजवलेल्या चिंचेचा वास आला की मला अमेरिकेत टेक्सासच्या प्लेनो गावातलं आमचं स्वयंपाकघर आठवतं. २००५च्या उन्हाळ्यात शेजारचे म्हातारे गृहस्थ ऑपरेशनला जाताना त्यांच्या वारलेल्या बायकोने जमवलेली व्हेनिसची जुनी नाणी माझ्याकडे ठेवून गेले होते. नखाएवढी, पातळ, चांदीची, सहा-सातशे वर्षांपूर्वीची. खाचांत काळं साचलं होतं म्हणूनच त्यांवरचा निशाण धरून गुडघे टेकलेला माणूस दिसायचा. मी ऑफिसमधून आले, तर पुण्याहून आलेल्या आईने ती पूजेच्या भांड्यांसारखी चिंच लावून खसाखसा घासली होती आणि पेपरवर वाळत मांडली होती. "किती मळली होती गं, आता बघ," ती म्हणाली. घासली की जुन्या नाण्यांची किंमत जाते, हे तिला ठाऊक नव्हतं; मी ती वेचून त्यांच्या डबीत परत भरली. शेजारचे गृहस्थ घरी परतल्यावर मी डबी दिली आणि आईने नाणी घासल्याचं सांगून माफी मागितली. त्यांनी खिडकीशी उभं राहून भिंगातून एकेक नाणं बराच वेळ पाहिलं, मग "टेल हर थँक यू" म्हणत त्यातलंच एक आईसाठी माझ्या हातावर ठेवलं. आईने ते पुण्याला नेऊन देव्हाऱ्यात ठेवलं. अजूनही दर सणाला ती ते चिंचेने घासते. परवा मी हातात घेऊन पाहिलं, त्यावर आता कुणीच नाही.