मुद्दा रोवण्याचा

वकील व्हायचं हे मी बारावीतच ठरवलं होतं. कॉलेज कोणतं घ्यायचं, हे सांगणारं मात्र घरात कोणी नव्हतं, कारण आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मीच पहिली. गाव आमचं भंडारा जिल्ह्यात, अड्याळच्या बाजूला, शेती धानाची. शाळेतले सर म्हणाले, भंडाऱ्याला बी.ए. कर, मग नागपूरला तीन वर्षं लॉ, सगळं घराजवळ. मला बारावीनंतरचा पाच वर्षांचा कोर्स हवा होता, आणि तोही पुण्यात. त्यात पहिली दोन वर्षं प्री-लॉ, म्हणजे राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, इंग्रजी. बाबांना ते पटेना.

"दोन वर्षं कायद्याच्या आधीचंच शिकवतेत? म्हणजे घरात घेतच नाहीत, छपरीतच बसवून ठेवतेत?"

"पाया पक्का करतेत, बाबा."

"मंग भंडाऱ्यात पाया पक्का होत नाही काहून?"

प्रवेश परीक्षेत नंबर लागला होता आणि तो सोडवत नव्हता, एवढंच खरं होतं. मी गेले. कोणी पाठवलं म्हणून नाही, मी निवडलं म्हणून गेले, हे आजही ताठ मानेनं सांगते.

पुण्यात वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी कोणी ना कोणी वकील होतं. त्यांचं बोलणं काकांच्या ऑफिसपासून सुरू व्हायचं. परीक्षा जवळ आली की वाचनालयातलं नेमकं हवं ते पुस्तक जागेवर नसायचं. मग ते इतिहासाच्या कपाटात, नकाशांच्या मागे सापडायचं. कोणीतरी आपल्यापुरतं लपवून ठेवलेलं. मला पहिल्यांदा वाटलं, ठेवणाऱ्याची चूक झाली असेल. मी ते उचलून त्याच्या जागी नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा नव्हतं.

दोन वर्षं मी जेवायला बहुतेक एकटीच बसले. कोणी वाईट वागत नव्हतं. मी बोलायला लागले की लोक थोडं हसून, थोडं थांबून ऐकायचे, आणि "मले" तोंडातून निघू नये म्हणून मीच वाक्यं छोटी करत गेले. तिसऱ्या वर्षी बाकावर शेजारी बसणारी एक मुलगी माझ्याशी बोलू लागली. डबा उघडला की आधी माझ्यापुढे सरकवायची. मला तेवढं पुरेसं होतं.

त्या वर्षी मला मूट कोर्टच्या संघात जागा हवी होती. मूट कोर्ट म्हणजे खोटा खटला खऱ्यासारखा लढवायचा. कॉलेजच्या संघात असलेल्यांकडे सगळे वेगळ्या नजरेनं बघायचे. मला त्या नजरेची भूक होती, का खोटं सांगू. निवडीसाठी दिलेला खटला जमीन संपादनाचा होता. सरकारनं नोटीस ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावली, शेतकऱ्यांनी मुदतीत हरकत घेतली नाही, जमीन गेली. बाकीचे निवाडे शोधत होते. मी नोटिशीची तारीख बघितली. ऐन पावसाळा. रोवण्याचे दिवस! धानाची रोपं चिखलात लावायची असतात तेव्हा सगळं गाव वाकलेलं असतं, पंचायतीकडे कोण फिरकतं? नोटीस लागली, पण पोचली नाही. हा माझा मुद्दा.

निवडीच्या आदल्या दुपारी बाकावरची ती मुलगी म्हणाली, "अगं, मी काहीच वाचलं नाहीये. तू काय मांडणार आहेस? मला नुसतं समजून घ्यायचंय."

मी सगळं सांगितलं. तिला चिखलही समजावला. आमच्याकडे एकमेकींच्या रोवण्याला जातात. आज तुझ्या बांधीत, उद्या माझ्या. कोणी कोणाचे पऱ्हे, म्हणजे लावायची रोपं, उचलून नेत नाही. माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही.

हजेरीच्या क्रमानं तिचा नंबर माझ्या आधी होता. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होते. तिचं इंग्रजी झुळझुळीत. चिखल, वाकलेलं गाव, भिंतीवरची नोटीस, सगळं त्यात छान बसलं. परीक्षक म्हणाले, "ग्रामीण वास्तवाची तुम्हाला चांगली जाण आहे."

मग माझी पाळी. मी सुरुवात केली आणि त्यांनी हात वर केला. "हा मुद्दा आत्ताच ऐकला. याच्यापलीकडे तुमच्याकडे काही आहे?"

मी घाबरून म्हणाले, "यस जी."

खोली हसली. आमच्याकडे मोठ्या माणसाला जी म्हटल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. पण पलीकडचं काहीच माझ्याकडे नव्हतं. असलं नसलं ते मी आदल्या दुपारी देऊन टाकलं होतं.

बाहेर मी तिला विचारलं, "तू तर नुसतं समजून घेणार होतीस ना?"

तिला खरंच नवल वाटलं. "अगं पण तूच सांगितलंस ना? नको होतं तर सांगायचं नाही. इथे सगळे असंच करतात."

ती संघात गेली, मी नाही. दुसऱ्या दिवशी तिनं डबा माझ्यापुढे सरकवला. मी भूक नाही म्हणाले आणि पुढच्या आठवड्यात बाक बदलला.

चौथ्या वर्षी मी पुन्हा उभी राहिले. तयारी वसतिगृहाच्या गच्चीवर, कपडे वाळत घातलेल्या दोऱ्यांमध्ये एकटीनं केली. कोणी आलं की गप्प व्हायचे. या वेळी परीक्षकांनी हात वर केला नाही. सरांनी वर्गात माझं नाव वाचलं. दोघातिघांनी अभिनंदन केलं आणि लगेच विचारलं की कोणते निवाडे वापरले.

मी घरी फोन लावला.

"म्हणजे जितली का तू?" बाबांनी विचारलं.

"नाही, आता खेळायले मिळालं."

"बरं झालं. मंग दिवाळीले कधी येऊन राहिली?"

स्पर्धा दिवाळीनंतर लगेच होती. सुट्टीभर सराव. मी ते सांगितलं.

"आणि मंडईले?"

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, जत्रेसारखी. रात्रभर नाटक, घरी पाहुणे. त्याच दिवसांत स्पर्धा.

"नाही जमत, बाबा."

ते म्हणाले, "हो ना, कोटाची तारीख हाय म्हणजे कसं येशील." खोटं कोर्ट आहे हे त्यांना माहीत होतं. फोन आईकडे गेला. ती जेवणाचं विचारू लागली.

सुट्टीत वसतिगृह रिकामं झालं आणि मेसही बंद झाली. संघातले बाकीचे पुण्याचेच. ते दुपारी येत आणि दिवे लागायच्या आत घरी जात. सकाळी वर्ग मोकळा असायचा. मी परीक्षकाच्या टेबलाकडे तोंड करून उभी राहायचे, मोठ्यानं बोलायचे. मध्येच टेबलामागे जाऊन स्वतःलाच अवघड प्रश्न विचारायचे, आणि उत्तर द्यायला पुन्हा पुढे यायचे.