घोड्यावरून उतरवलेला बाप

कालिस रॅप करायला लागला तेव्हा त्याच्या गाण्यांत मोटारी असायच्या. काळ्या काचांच्या, रस्त्याला घासत जाणाऱ्या. त्या त्याने मॉस्कोच्या पोरांच्या व्हिडिओंत पाहिल्या होत्या. त्याचा आतोबा मुकाश एकदा चहा फुंकता फुंकता ते ऐकत बसला आणि म्हणाला, "अरे कोळशा, आपल्या गावापर्यंत धड रस्ताच पोचलेला नाही. तुझी गाडी आली कुठून?"

घरभर हशा पिकला. कालिसही हसला आणि दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्या मोटारी सोडून दिल्या. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. मोटारी गेल्यावर गाण्यात घालायला काही उरलं नाही. वर्षभर त्याला एक ओळ सुचली नाही.

पुढच्या हिवाळ्यात त्याचा बाप असानकुल गेला. सरकारी खाण बंद पडल्यापासून गावातले लोक डोंगरात आपापली भोकं पाडून कोळसा काढतात. असानकुलच्या भोकाचं छत बसलं. त्याला बाहेर काढायला दोन दिवस लागले. अंगणात नमद्याचा, दाबलेल्या लोकरीचा, तंबू उभा राहिला. बाहेर, दाराच्या उजव्या हाताला, कोटावर कंबरपट्टा बांधून आणि काठीवर भार देऊन पुरुष उभे राहिले. समाचाराला येणाऱ्या प्रत्येक टोळीसमोर त्यांनी मोठ्याने हंबरडा फोडायचा असतो. आत बायका भिंतीकडे तोंड करून बसतात आणि त्यांच्यातली एक कोशोक म्हणते. कोशोक म्हणजे गेलेल्या माणसाला उद्देशून म्हटलेलं शोकगान, जागच्या जागी रचलेलं. त्या गावात ते झिपार आपाइतकं कुणाला साधत नव्हतं. असानकुल तिचा धाकटा भाऊ, म्हणजे झिपार कालिसची आत्या, मुकाशची बायको.

कालिस बाहेर उभा राहून "ओय, आताम", अरे माझ्या बापा, म्हणून रडत होता आणि त्याच्या कोटाच्या खिशात फोन रेकॉर्डिंगवर होता. का, ते त्याला तेव्हाही सांगता आलं नसतं. नमद्यातून आपाचा आवाज येत होता. सात-सात मात्रांच्या ओळी, प्रत्येक ओळीच्या शेवटी तोच ठोका. ती असानकुलला पांढऱ्या घोड्यावर बसवत होती, त्याच्या मनगटावर ससाणा देत होती, कुरणं त्याच्या मागे पळवत होती. असानकुलकडे आयुष्यात कधी घोडा नव्हता. कोशोकमध्ये तो मिळतो. वर्षश्राद्धाचं जेवण झालं, बायकांनी काळे कपडे उतरवले, की ते शब्द संपले. पुन्हा म्हणायचे नाहीत. घरात प्रेत नसताना कोशोक गुणगुणणाऱ्या पोराला आई थोबाडीत मारते.

कालिस वखारीवर लागला. बापाच्या वयाचे लोक काढतात तो कोळसा पोत्यांत भरायचा. फावडं आत, फावडं वर, पोत्यात. हे पण सातच्याच ठोक्यात बसतं, हे त्याच्या लक्षात आलं, आणि तिथून त्याला ओळी सुचू लागल्या. तो त्या लिहीत नसे. तीन दिवस कोळसा भरताना जी ओळ डोक्यात टिकली ती ठेवायची, बाकीच्या पोत्यात गेल्या असं समजायचं. शिवायला द्यायच्या बुटाचं माप पायावर घेतात तसं तो प्रत्येक शब्दाचं माप घ्यायचा: हे आपल्या घरात कुणी बोलतं का? नसेल बोलत, तर काढून टाक. अशाने एका गाण्याला आठ महिने लागायचे. वखारीवरची माणसं म्हणायची, एवढ्यात बाई मूल जन्माला घालते.

बापावरचं गाणं व्हायला सहा वर्षं लागली. ते उत्तरासारखं होतं. आधी आपाच्या आवाजात दोन ओळी, पांढऱ्या घोड्याच्या. मग ढोलाचा ठोका, आणि मग कालिस: घोडा नव्हता, उसना दिवा होता. ससाणा नव्हता, मनगटाला दोर होता. मागे कुरणं नव्हती, दोन दिवस थांबलेलं फावडं होतं. पुन्हा आपा, पुन्हा तो. असं चार वेळा. त्यात एकही शब्द खोटा नव्हता, याबद्दल कालिसला खात्री होती, आणि दुसऱ्या कशाबद्दलही त्याला एवढी खात्री कधी वाटली नव्हती.

राजधानीत, बिश्केकमध्ये, तिलेक नावाचा एकजण तळघरात स्टुडिओ चालवतो. तो पोरांची गाणी फुकट ऐकतो आणि बहुतेकांना घरी पाठवतो. त्याने हे गाणं तीनदा लावलं. मग विचारलं, ही बाई कोण? आत्या आहे, हे कळल्यावर तो म्हणाला, "भाऊ, तू बरा आहेस. पण तुझ्यासारखे माझ्याकडे रोज दोन येतात. ही नाही येत." पुढच्या उन्हाळ्यातल्या मोठ्या मैफिलीत त्याला घ्यायचं तिलेकने कबूल केलं. अट एकच होती, आत्याचा आवाज तसाच राहिला पाहिजे.

आपाला विचारायचं कालिसच्या मनात आलं होतं. त्याने विचारलं नाही. ती नाही म्हणाली असती.

गाणं नेटवर टाकलं आणि आठवड्याभरात ते गावात पोचलं. मार्शरुतकांत, भाड्याच्या मिनीबसांत, वाजलं, दुकानात वाजलं, एका लग्नात पोरांनी लावलं. नवरीच्या आजीने ताटावरून उठून ते बंद केलं. प्रेत नसलेल्या घरांतून कोशोक वाजतंय, हे बायकांनी एकमेकींना सांगितलं. कालिसला कुणी काही बोललं नाही. पुरुषांनी तर पाठीवर थापाही मारल्या. बायका मात्र झिपार आपाच्या घरावरून जायच्या, आत वळायच्या नाहीत.

शरदात शाळेच्या जुन्या पहारेकऱ्याची बायको वारली. तिथे कोशोक म्हणायला खालच्या गावातून बाई आणली. आपा आपली गेली, भिंतीकडे तोंड करून शेवटच्या जागी बसली आणि परत आली. तिला कुणी म्हणायला सांगितलं नाही. तिचा शब्द आता कुठेही जाऊ शकतो, एवढंच एकीने मुकाशच्या सुनेला, गुलझातला, सांगितलं.

तेव्हा कालिस आपाकडे गेला. ती कणकेचे बोर्सोक तळत होती. त्याने माफी मागितली, बरंच बोलला. बापाबद्दलचं खरं कुणीतरी सांगायला हवं होतं, हे पण बोलला. तिने कढईतून नजर काढली नाही.

"खरं मला माहीत नव्हतं होय," ती म्हणाली. "तो उसना दिवा माझ्याच घरातला होता. मी त्याला घोड्यावर बसवून पाठवला, कालिस. तू त्याला खाली उतरवलास. आता तो कुठे उभा असेल, सांग."

कोपऱ्यात बसलेल्या मुकाशने विषय हलका करायला म्हटलं की आपण मेल्यावर आपल्याला तरी घोडा मिळू दे, म्हातारा चालेल, लंगडा चालेल, पण आठ ओळी पाहिजेत, चाळीस वर्षं हिचं सगळं दुसऱ्यांसाठी ऐकलं. कुणी हसलं नाही. "मी आता म्हणत नाही," आपा म्हणाली, आणि बोर्सोक काढून परातीत टाकले.

त्या आठवड्यात कालिसने आपाच्या ओळी स्वतःच्या आवाजात म्हणून पाहिल्या. त्या खोट्या वाटल्या. त्याच्या तोंडून पांढरा घोडा मोटारीसारखा निघत होता. एका शेजारणीकडून म्हणवून पाहिलं, तर ती रेडिओवर बोलल्यासारखी बोलली. कोशोक काढून टाकलं तर त्याच्या ओळी कुणाला उत्तर देताहेत ते कळेना. वखारीवर त्याने तीन दिवस पोती भरली आणि चौथ्या दिवशी दुपारी फोन काढून गाणं नेटवरून उतरवून टाकलं. तिलेकला कळवलं. तिलेकने लिहिलं, वाईट वाटलं, दुसरं काही खरं असलं तर पाठव.

दुसरं काही नव्हतं. फावड्याचा ठोका तोच होता, पण त्यावर आता ओळी येईनात. आली तरी ती आपाला ऐकवली तर काय होईल हे आधी मनात यायचं, आणि तिसऱ्या दिवसापर्यंत ती टिकायची नाही. हिवाळ्यात एका लग्नात त्याने पाहुण्यांची नावं जोडून, स्तुती करून रॅप केलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. घरी येताना त्याने खिशातल्या सोमच्या नोटा मोजल्या नाहीत.

फेब्रुवारीत मुकाश गेला. छातीत कळ आली, अंगणात बसला, तिथेच. तंबू उभा राहिला. कालिस कोटावर पट्टा बांधून काठी घेऊन मुकाशच्या मुलाशेजारी उभा राहिला. पहिली टोळी फाटकातून "बोरुम", माझ्या काळजा, म्हणत आली, बाहेरच्यांनी हंबरडा फोडला, आणि सगळे आतल्या आवाजासाठी थांबले.

आतून काही आलं नाही.

दुसरी टोळी आली. तिसरी आली. आत आपा भिंतीकडे तोंड करून बसली होती, तिचे खांदे दारातून बाहेरूनही दिसत होते. मोल्दो, गावचे मुल्ला, म्हणाले की धर्माच्या दृष्टीने हेच योग्य, बायकांनी गाऊ नये. त्यावर कुणी मान हलवली नाही. वरच्या वस्तीतले म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. कोशोकशिवाय माणूस न्यायचा म्हणजे त्याच्या मागे कुणी नव्हतं असं म्हणायचं. खालच्या गावची बाई बर्फात अडकली होती.

चौथी टोळी फाटकाशी आली तेव्हा तंबूतून झिपार आपाचा आवाज आला. मोठा, स्वच्छ, सात-सात मात्रांचा. बाहेरचे पुरुष सैल झाले. एकजण "अल्लाला दया आली" म्हणाला. कालिसला आधी कळलं नाही. मग पांढरा घोडा आला आणि मग नाव आलं, आणि ते नाव मुकाशचं नव्हतं. आवाज आठ वर्षं जुना होता. आपाचे खांदे हलले नव्हते. गुलझातने, शांतता सहन न होऊन, फोनमध्ये राहिलेलं ते गाणं लावलं होतं.

बाहेर सगळ्यांना कळलं. कुणी बंद कर म्हटलं नाही. चौथ्या टोळीतले लोक काठ्या टेकून ते ऐकत उभे राहिले, कारण तंबूतून दुसरं काही येण्यासारखं नव्हतं. दुसरी ओळ संपत आली. पुढचा ठोका नेमका कधी पडतो ते तिथे फक्त कालिसला ठाऊक होतं, आणि त्याने आत जायला पाऊल उचललं. पण पुरुषांना आत जाता येत नाही.

ढोलाचा पहिला ठोका पडला. आत काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला आणि फोन बंद झाला.

फाटकातून पाचवी टोळी येत होती. मुकाशच्या मुलाने कालिसला कोपर मारलं. कालिसने काठीवर भार दिला, मान खाली घातली आणि तोंड उघडून रडायला सुरुवात केली.