मागवाल्या काकांना माहीत होतं

‘काहून केलं गा?’ असं मागवाल्या काकांनी तुरुंगातल्या एकाही कैद्याला कधी विचारलं नाही. ते विचारायचे, ‘‘त्याच्या आधी तुले कोण भेटलं होतं?’’

मी नागपूरच्या तुरुंगात समुपदेशक होते आणि काका कैद्यांना हातमागावर विणायला शिकवायचे. मूळचे उमरेडचे विणकर. नव्या माणसाला महिनाभर नुसते तुटलेले धागे सांधायला बसवायचे आणि स्वतः शेजारी बसायचे. हात गुंतले की माणूस आपोआप बोलतो, असं त्यांचं म्हणणं.

बॉम्बच्या खटल्यातला एक जण असाच बोलला. नोकरी गेलेली, घरात रोजचे टोमणे. मग काही लोक भेटले, त्यांनी जेवू घातलं, ‘तुझ्यावाचून आमचं अडतं’ म्हणाले. वैर कुणाशी धरायचं ते नंतर शिकवलं. मी अहवालात झोकात ‘जहाल विचारांचा प्रभाव’ असं लिहिलं, तर काका हसले. ‘‘विचार-बिचार मागून येते, मॅडम. पहिले माणूस येते.’’

अरे बाप्पा, केवढं कळत होतं त्यांना! आणि घरात? त्यांच्या पोराचं, विनोदचं, खापरखेड्याच्या वीज केंद्रातलं कंत्राटी काम सुटलं आणि त्याला नवे मित्र भेटले. त्यानं जुने दोस्त तोडले, बहिणीच्या लग्नाचे फोटो जाळले. काकांनी सगळं ओळखलं, पण कुणाला सांगितलं नाही. रोज त्याच्यासोबत जेवायला बसायचे, हळूहळू बोलतं करायचे. कैद्यांना वळणावर आणलं, तसं पोरालाही आणू म्हणे!

मग आठवडी बाजारात एका पिशवीचा स्फोट झाला. एक भाजीवाली जागच्या जागी गेली. पिशवी विनोदनं ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी काका माझ्या टेबलासमोर उभे. ‘‘मले माहीत होतं.’’

माझा त्यांच्यावर जीव होता, तरी भडकलेच मी. ‘‘एक फोन करायचा होता ना, काका!’’

‘‘तो बोलून राहिला होता, मॅडम. अजून थोडे दिवस लागले असते.’’

काकांनी नोकरी सोडली आणि स्वतःहून पोलिसांत जबाब दिला. पुढे कोर्टात वकिलानं विचारलं, आधी का नाही सांगितलं? काकांनी कठडा धरला.

‘‘साहेब, दुसऱ्याचं पोरगं असतं, तर सांगतलं असतं.’’

मागच्या बाकावर भाजीवालीची लेक बसली होती. बाहेर पडताना काकांना तिच्याकडे पाहता आलं नाही. मलाही नाही.