चिंधीवाली कोंबडी

चिखलोलीत मालिनीबाईंच्या कोंबड्यांचं भारी नाव होतं, आणि ते पसरवायचं काम मालिनीबाई स्वतःच करत. "आमच्याकडे दुकानातलं चालत नाही बरं का!" हे वाक्य त्यांच्या तोंडात सुपारीसारखं घोळत असे. आजूबाजूला टॉवर उठले, भाताची खाचरं गेली, पण घरामागच्या एवढ्याशा परसाला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. तिथे वाल, वांगी, दुधीचा मांडव आणि या कोंबड्या. थंडीत डोंगराकडून वारा सुटला की मांडव आडवाच व्हायचा, म्हणून बाईंनी तो कमरेएवढाच ठेवला होता आणि वाफ्यांच्या कडेनं तुरीची दाट ओळ लावली होती. "वारा काय असतो ते तुम्हा बिल्डिंगवाल्यांना काय कळणार," असं त्या सुनेला, उन्नतीला, सुनावत.

तीच उन्नती तिच्या ऑफिसची माणसं घेऊन पोपटीला येणार होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी आणि कोंबडीचे तुकडे भरायचे, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा, ही पोपटी. शेंगा घरच्या, अंडी घरची, कोंबडीही घरचीच, असं मालिनीबाईंनी फोनवर ठासून सांगितलं होतं. आणि नेमका आदल्या रात्री वाऱ्यानं खुराड्याचा पत्रा उडवला. कोंबड्या बिथरल्या त्या आंब्यावर जाऊन बसल्या. बाईंनी दाणे टाकून बघितले, गोड बोलून बघितलं, शेवटी शिव्या घातल्या. एक उतरेल तर शपथ! हाताशी राहिली फक्त काळी. ती पडवीतल्या टोपलीत खुडूक बसलेली, खाली अंडं नसतानाही उबवत. आणि खुडूक कोंबडी कापत नाहीत. हे गावात लहान पोरालाही सांगावं लागत नाही.

दुपारी वालाच्या वाफ्यात एक तांबडी कोंबडी टिपताना दिसली. पायाला हिरवी चिंधी. ती बांधापलीकडच्या तानीची खूण. तानी डोंगरातल्या वाडीवरून खाली राहायला आलेली. पोपटीसाठी भांबुर्ड्याचा भारा सकाळी तीच आपणहून टाकून गेली होती.

मालिनीबाईंनी इकडेतिकडे बघितलं. नंतर तिला दुसरी देऊ की, त्या मनाशी म्हणाल्या. पोटाखाली हात घालून त्यांनी कोंबडी उचलली, चिंधी सोडून चुलीत टाकली आणि पुढचं झटक्यात उरकलं.

मग पिसं काढायला बसल्या. पोटाखाली पिसंच नव्हती. अंड्यांना अंगाची ऊब लागावी म्हणून खुडूक कोंबडी तिथली पिसं उपटून टाकते, तसं उघडं, गुळगुळीत पोट. बिचारी घटकाभर चरायला उठली असणार. पलीकडे तिची अंडी आता गार पडत होती. लगेच जाऊन तानीला सांगितलं तर ती काळीखाली घालता येतील, पिल्लं वाचतील. पण सांगायचं कुठल्या तोंडानं? पिसं काढताना कळलं, आधी कळलं असतं तर कापली असती का मी, असं त्या स्वतःला बजावत राहिल्या आणि कांदे चिरत राहिल्या. बांधापर्यंत काही त्या गेल्या नाहीत.

संध्याकाळी भिंतीच्या आडोशाला पोपटी लागली. पाहुणे बोटं चाटत होते. "आंटी, गावठी म्हणजे गावठीच!" असं कुणीतरी म्हणालं. तेवढ्यात बांध ओलांडून तानी आली, पदराची खोळ दोन्ही हातांनी पोटाशी धरून.

"ताय, माझी तांबडी बघितलीस का गो? दुपारी उठली ती आलीच नाय."

"मुंगूस फिरतंय हल्ली," मालिनीबाई म्हणाल्या. किती सहज म्हणाल्या!

"मेल्यानं त्यानंच नेली मग." तानीनं पदर उघडून अंडी दाखवली. "तुझी काळी बसलीय ना? तिच्याखाली घाल ही. जगतील ती निम्मी तुझी, निम्मी माझी."

मालिनीबाईंच्या मुलानं, जितेशनं, तिच्यासमोर पानावर तंगडी धरली. तानीनं उभ्याउभ्याच खाल्ली. "चव हाय," ती म्हणाली. "पण वाळलेली होती गो कोंबडी." धरणीनं पोटात घ्यावं असं मालिनीबाईंना झालं. कोंबडी बसून बसून वाळते, हे तिथे दोघींनाच ठाऊक होतं.

त्या दिवसापासून बाईंची कोंबड्यांची बढाई बंद झाली. टोपलीला वारा लागू नये म्हणून त्यांनी पडवीला गोणपाट बांधलं, काळीला दाणापाणी हातानं भरवलं. तानी बांधावर दिसली की मात्र त्या मान खाली घालून वाफ्यात शिरत. बरीचशी अंडी वाया गेली. थोडी पिल्लं निघाली, ती बघायला तानी हसत आली आणि वाटे करायला बसली.

"सगळी तूच ने," मालिनीबाई म्हणाल्या. "काळीलाही ने. पिल्लांना आई लागेल."

"का गो? निम्मी ठरलीत ना?"

"मुंगूस नव्हतं, तानी. मी होते."

तानीचं हसू गेलं. ती ओरडली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर बाईंना बरं वाटलं असतं. तिनं एकेक करून पिल्लं टोपलीत भरली. मग काळीला उचलायला तिच्या पोटाखाली हात घातला आणि तो तसाच ठेवून वर बघितलं.

"तांबडीला उचललीस तवा पोटाला हात लागला असंल ना तुझा?"

पिसं काढताना कळलं, हे उत्तर ओठांवर तयार होतं. इतके दिवस घोकून पाठ झालेलं.

"लागला होता," मालिनीबाई म्हणाल्या.