खाली बघून धरलेला दोर

सेफ्टीचा माल विकणाऱ्या त्या दुकानात दुकानदाराने पहिलाच प्रश्न विचारला, "चढणार कोण हाय?" आणि माझे सासरे, ज्यांना मी मामा म्हणते, ते बाहेर जाऊन रस्त्यावरच्या मोटारसायकली बघत उभे राहिले.

झाडांच्या फांद्या उतरवायचं काम आमच्या घरचंच. नवरा वर चढायचा, मामा खालून दोर धरायचे. नवरा नारळावरून घसरला, खुब्याचं हाड मोडलं, आणि डॉक्टरांनी चढायचं नाव काढायचं नाही म्हणून सांगितलं. पावसाळ्याआधीची कामं तर घेऊन ठेवलेली. माझं माहेर शिरोळकडचं, लहानपणी गावातलं एक झाड मी सोडलं नव्हतं. "मी चढते," म्हटल्यावर घरात कुणी हो म्हणालं नाही आणि नाहीही म्हणालं नाही. नवरा खाटेवरून एवढंच म्हणाला, "सामान चांगलं घेणार असलीस तर चढ. माझ्यागत कमरंला दोर गुंडाळून न्हाय."

म्हणून आम्ही दुकानात. फेकायची दोरी मी चांगली निरखून घेतली. ही दोरी बारीक, गुळगुळीत असते, टोकाला वजनाची छोटी पिशवी. पिशवी फांद्यांच्या बेचक्यावरून पलीकडे फेकायची आणि मग तिला बांधून जाड दोर वर ओढून घ्यायचा. खरखरीत दोरी सालीत अडकते, म्हणून बोटांतून सुळकन सरकणारी घेतली. पानांत दिसावी म्हणून नारिंगी रंगाची. मामांनी दारातूनच विचारलं, "ह्या सुतळीनं माणूस पेलतंय व्हय?" मी फरशीकडे बघत म्हटलं, "माणूस नाही मामा, नुसता दोर न्यायचा हिनं." जाड दोर त्यांनी स्वतः हाताळला, पीळ उलगडून पाहिला, आणि पसंत केला.

मग कमरेचा पट्टा आला. त्याला मांड्यांभोवती बांधायचे दोन पट्टे असतात. "घालून बघायला लागतंय ताई," दुकानदार म्हणाला. "पट्ट्याखालनं तळहात जेमतेम गेला पाहिजे. मांडीचं माप काय तुमचं?"

दुकानात अजून दोन गिऱ्हाईकं होती. बाहेर सासरे. मी साडीत. कानशिलं तापली आणि मी म्हणाले, "आमच्या मालकांच्या मापाचा द्या." दोरीसाठी अर्धं दुकान उचकटायला लावणारी मी, जीव ज्याच्यावर टांगायचा तो पट्टा न घालताच पिशवीत टाकून निघाले.

काम कसबा बावड्यातल्या एका नव्या बंगल्याचं होतं. छपरावर कललेला आंबा. त्या दिवशी मी नवऱ्याची पँट आणि फुल शर्ट घातला. मामांसमोर माझं डोकं कधी उघडं नसतं. ते घरात येताना उंबऱ्याबाहेर खाकरतात, मी पदर सावरते, मग ते आत येतात. इतक्या वर्षांत यात खंड नाही. आणि आता मी त्यांच्यासमोर पँटीत उभी होते आणि बंगल्याच्या फाटकाशी निम्मी गल्ली जमली होती. पट्टा कमरेला ढिला, मांड्यांना आवळ. ओढून ताणून बसवला.

नारिंगी दोरी दुसऱ्याच फेकीत बेचक्यात बसली. दोर वर गेला. एक टोक माझ्या पट्ट्याला, दुसरं मामांच्या हातात, शेजारच्या नारळाला एक वेढा मारून. मी वर सरकेन तसा त्यांनी दोर ओढून घ्यायचा. त्यासाठी माझ्याकडे बघायला लागतं, आणि तिथंच सगळं अडलं. सून झाडावर, पँटीत, आणि सासऱ्याने खालून वर बघायचं? मामांनी तोंड कंपाउंडच्या भिंतीकडे केलं होतं. नवऱ्यावरची नजर जे कधी हलवत नसत ते माझा दोर अंदाजाने ओढत होते.

दोर ढिला पडत चाललेला मला दिसत होता. हाक मारायची होती. पण सासऱ्याला वरून ओरडायचं कसं, आणि म्हणायचं काय, माझ्याकडे बघा? मी तशीच चढत राहिले.

पाय निसटला. मी चांगली खाली आले आणि हिसका बसून लटकले. पट्टा कमरेवरून छातीपर्यंत सरकला, श्वास अडला, शर्ट वर गेला. आणि माझा हात दोराकडे गेला नाही. तो शर्ट खाली ओढायला गेला. याची मला जेवढी लाज वाटते तेवढी गल्लीची वाटली नाही, पँटीचीही नाही. घरात मोडलेल्या हाडाचा नवरा, आणि माझी बोटं शर्टाच्या कडेला.

मामांच्या हातांतून दोर सरकत होता. तरी तोंड भिंतीकडेच.

"मामा, वर बघा की!"

त्यांनी बघितलं. चेहरा असा झाला, जणू मीच त्यांना काहीतरी वाईट करायला लावलं. पण त्यानंतर नजर हलली नाही. हळूहळू दोर सोडत त्यांनी मला जमिनीवर आणलं. तळहात सोलले होते. मी तोंड फिरवून शर्ट खोचला, त्यांनी तोंड फिरवून हातावर पाणी घेतलं.

दुसऱ्या दिवशी "पट्टा बदलून आणूया" असं तेच म्हणाले. या वेळी मी पँट घालूनच गेले. मामा दुकानाच्या बाहेर गेले नाहीत. फडकं बांधलेला हात काउंटरवर ठेवून दुकानदाराला म्हणाले, "चढणार ही हाय. आमची सून. हिच्या मापाचा द्या." मी पट्टा चढवत असताना ते बघत राहिले आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. "तळहात घालून बघ," ते म्हणाले. मी घातला. जेमतेम गेला.

बावड्यातला आंबा आम्ही पुरा केला, पुढची कामंही घेतली. लाज काही गेलेली नाही, ना माझी ना त्यांची. मी खोडाला पाय लावला की मामा खाली उभे राहून एकदा खाकरतात, उंबऱ्याबाहेर खाकरतात तसेच. मी शर्ट सावरते. मग ते मान वर करतात आणि माझे पाय जमिनीला लागेपर्यंत खाली करत नाहीत. संध्याकाळी मान धरली म्हणून तक्रार करतात. मी तेल कोमट करून नवऱ्याच्या हातात देते आणि पदर घेऊन आत जाते.