हळदीचं बोट

नलिनी मुलुंडच्या प्रयोगशाळेत साफसफाईला लागली, त्याच आठवड्यात काळोख्या खोलीबाहेर लादी पुसताना तिने दोन साहेबांचं भांडण ऐकलं होतं.

"एवढ्याशा रेणूच्या पाठीवर चमकणारा एवढा दिवा बांधलास, तर तो पेशीत फिरेल कसा?"

"आणि तुझी ती चिमुकली खूण दिसणार कुणाला? तुझ्या आजोबांना?"

"रामनच्या यंत्राला दिसेल!"

शेवटी चिमुकल्या खुणेवाले जिंकले. औषधाच्या रेणूला दोन-तीन अणूंची खूण जोडायची, ते जिवंत पेशीला पाजायचं आणि वरून लेझरचा उजेड सोडायचा. त्यातला कणभर उजेड रंग बदलून परततो. त्यावरून खूण ओळखायची, की औषध पेशीत कुठे जाऊन बसलंय त्याचं चित्र मिळतं. हे नलिनीला सांगितलं तिथे पीएचडी करणाऱ्या रेवतीने. "मावशी, तो उजेड इतका मंद असतो ना, की हळदीचा कण जरी आला तरी वाट लागते. हळद लेझरखाली स्वतःच झगमगते."

तेव्हापासून नाहूरच्या घरी माशांना हळद सून लावायची. मालवणी बाई आणि हळदीला हात नाही! शेजारणी फिदीफिदी हसायच्या. "हसा गे," नलिनी म्हणायची, "माझी भाकरी त्या काळोखात आसा."

खंडेनवमीला यंत्रांची पूजा असे. नलिनी दरवर्षी हार-फुलं दाराबाहेरच्या टेबलावर मांडायची. यंदा पाहुणे आलेले, म्हणून मुख्य साहेब श्यामकांत सर तबक घेऊन आतच शिरले.

"सर, आत नको हो."

"अहो मावशी, वर्षातून एकदा! यंत्रालाही बरं वाटू दे."

असं म्हणून त्यांनी थेट भिंगालाच हळदीचं बोट लावलं आणि मान वळवून फोटोसाठी हसले. फोटो ग्रुपवर आला. खाली सगळ्यांनी हात जोडले.

दसऱ्यानंतर रेवतीने पेशी यंत्राखाली ठेवल्या, तर चित्रभर नुसता झगमगाट. खुणेचा पत्ता नाही. रुग्णाच्या गाठीतल्या पेशी होत्या त्या. गेल्या वाया.

सरांनी सगळ्यांना बोलावलं. "मावशींचे हात, दुसरं काय! घरी मासे, मसाले. कंत्राटदाराला कळवलंय, उद्यापासून दुसरी बाई येईल."

आता बोला! ज्यांनी त्या फोटोखाली हात जोडले होते, ती सगळी शिकलेली मंडळी लादी बघत उभी. लादी तरी कोणी पुसली होती?

"सर," नलिनी म्हणाली, "फोटोत बोट कोणाचं आहे?"

"विषय तो नाही."

"मग कुठला आहे?"

सर फोनवर बोलत निघून गेले. रेवती खाली वाकून वाया गेलेल्या बशा आवरू लागली. तिच्या पीएचडीवर सही त्यांचीच व्हायची होती.

संध्याकाळी तिने नलिनीला जिन्यात गाठलं. "मावशी, मी बोलायला हवं होतं."

"हवं होतं ना? मग बोलायचं होतंस. आता डोळे पूस. वर काय न्यायचंय?"

यंत्र साफ झालं होतं, उरलेल्या पेशींची बशी तयार होती. नलिनीने कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, नखं घासली. बशीचा डबा दोन्ही हातांत धरून, न हिंदकळवता, ती जिना चढली. काळोख्या खोलीचं दार वाजवून थांबली. दारावरचा लेझरचा लाल दिवा विझल्यावर आत गेली, डबा ठेवला आणि बाहेर येताना काळा पडदा कडेपर्यंत ओढून घेतला.