रिपोर्ट नॉर्मल आल्याची खीर

मुलीच्या वेण्या रोज मीच घालायचे. दोन, घट्ट, लाल रिबिनीच्या. शाळा सुटेपर्यंत त्यातला केस हलत नसे, याचा मला भारी तोरा होता. मग वेण्या मधल्या सुट्टीतच सुटायला लागल्या. बोटांनी पेड धरलाय की नाही, हे बघितल्याशिवाय मला कळेनासं झालं. एकदा क्रांती चौकात रस्ता ओलांडला, तर मागून रिक्षावाल्यानं हाक मारली, "दीदी, चप्पल पीछे रह गई." चप्पल निघून गेली होती आणि पायाला पत्ताच नव्हता.

मग दवाखाने सुरू झाले. रक्त तपासलं, नसांना करंट लावून बघितलं, शेवटी एमआरआय. त्या नळकांड्यात पडून मी मनात एकच घोकत होते, काहीतरी निघू दे. डॉक्टर हसून म्हणाले, "ताई, सगळं नॉर्मल आहे. टेन्शन कमी घ्या."

नवरा वाटेतच आनंदानं रडला. सासूबाईंनी पातेलंभर खीर केली, गल्लीतल्या बायका बोलावल्या. बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावून वंदना झाली. वाढायला मी उभी राहिले आणि दोन-तीन वाट्यांतच पळी हातातून सुटली. खीर शेजारणीच्या पदरावर सांडली.

"आता गं कशानं सुटली?" सासूबाई म्हणाल्या. "रिपोर्टात तर कायच नाय. मनातलं भ्याव काढ, मग हात बी धरील."

मायेनंच बोलल्या, म्हणून जास्त लागलं. कालपर्यंत मी आजारी होते, आता सोंग घेणारी झाले. एखादं वाईट नाव निघालं असतं, तर घरानं निदान दुखण्याला बोल लावला असता. शेजारणीचा पदर ओल्या फडक्यानं पुसताना मला त्या नॉर्मलचा सरळ रागच आला.

मुलगी कोपऱ्यात वाटी धरून बघत होती. पुढच्याच रविवारी ती आत्याबरोबर गुलमंडीच्या बाजारात गेली आणि केस कानापर्यंत कापून आली. वेण्यांसाठी जीव टाकणारी पोर. का कापले, मी विचारलं.

"लई गरम व्हायलं व्हतं," ती म्हणाली.

थंडीचे दिवस होते. तिच्या अंगात स्वेटर होता.

माझ्या दुखण्याला अजून नाव सापडलेलं नाही. कुणीतरी माझं खरं मानावं, यासाठी मी किती तळमळले होते. तिनं मानलं, आणि मला ते बघवेना.